जुने कर्नल काढताना या चुका टाळा

उबुंटू किंवा डेबियन हे लिनक्स वापरणाऱ्या बऱ्याच जणांना जुन्या कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) आठवण होते ती अपडेट मध्येच अडकल्यावर. '/बूट'मध्ये, म्हणजे कर्नलच्या फाइली असतात त्या फोल्डरमध्ये, जागा उरली नाही असा संदेश येतो आणि घाईघाईत हाताला लागेल ते उडवलं जातं. तेव्हा आधी एकच करा: सगळं मार्गी लागेपर्यंत संगणक रीस्टार्ट करू नका. नवा कर्नल अर्धवट बसलेला असू शकतो आणि पुढच्या वेळी ग्रब (चालू होताना कर्नल निवडणारा प्रोग्राम) नेमका तोच उचलतो.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल किंवा एलव्हीएम (डिस्कची लवचिक विभागणी) घेतलं असेल, तर इन्स्टॉलर '/बूट'साठी वेगळं, लहानसं पार्टिशन करतो. कर्नलची मुख्य फाइल १०-१५ एमबीची असते. जागा खाते ती तिच्यासोबतची इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांची फाइल), जी कित्येकदा १०० एमबीच्या आसपास जाते. पार्टिशन ५१२ एमबीचं असेल तर चार कर्नलांत ते तुडुंब. किती जागा उरली ते टर्मिनलमध्ये 'डीएफ -एच /बूट' चालवून बघा. '/बूट' वेगळं नसेल आणि डिस्कवर जागा असेल, तर घाईचं काहीच कारण नाही.

फाइली हाताने उडवणं

सर्वांत जास्त नुकसान यानेच होतं. '/बूट'मध्ये जाऊन 'आरएम' केलं की जागा मोकळी होते, पण पॅकेज मॅनेजरच्या (प्रोग्राम बसवणाऱ्या-काढणाऱ्या ॲप्ट आणि डीपीकेजीच्या) वहीत तो कर्नल बसवलेलाच राहतो. ग्रबच्या यादीत त्याचं नाव तसंच दिसतं, आणि '/लिब/मॉड्यूल्स'मधला त्याचा पसारा जागच्या जागी असतो. पॅकेज म्हणूनच काढा: 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज'. हा आदेश चालू कर्नल आणि सर्वांत नवा कर्नल सोडून मगच सफाई करतो. 'हो' म्हणण्याआधी काय काय जाणार आहे ती यादी मात्र वाचा.

आकड्यांचा क्रम न बघणं

माझी चूक इथे झाली होती. बसवलेल्या पॅकेजांची 'डीपीकेजी -एल'ची यादी अक्षरांच्या क्रमाने लागते. त्यामुळे ५.१५.०-१०१ वर आणि ५.१५.०-९१ खाली दिसतं, कारण १ हा आकडा ९ च्या आधी येतो. वरचं ते जुनं असं धरून मी १०१ काढून टाकला, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या असलेला नवा कर्नलच गेला. 'एलएस -व्ही /बूट' दिलं की खरा क्रम दिसतो. नावात तारा टाकून एकदम बरेच कर्नल काढायचा मोहही टाळा, '५.१५.०-९*' मध्ये ९१ पासून ९९ पर्यंत सगळे सापडतात.

चालू कर्नल कोणता, हे न विचारणं

'युनेम -आर' सांगेल तो कर्नल आत्ता चालू आहे. अपडेटनंतर रीस्टार्ट केलं नसेल तर तो जुनाच असतो. तो काढायला गेलात तर एक चौकट येते: कर्नल काढणं रद्द करायचं का? इथे प्रश्न उलटा आहे. 'नाही' म्हणालात की कर्नल जातो. सुटका 'हो'मध्ये आहे.

'लिनक्स-जेनेरिक'सारखं बिनआकड्याचं पॅकेजही काढू नका. ते गेलं की नवे कर्नल यायचेच बंद होतात, आणि कुठलीही तक्रार दिसत नसल्याने ते कळतही नाही.

एकच कर्नल शिल्लक ठेवणं

वायफाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर डीकेएमएसवर (कर्नलबाहेरचे ड्रायव्हर बांधणाऱ्या व्यवस्थेवर) असेल तर तो नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो, आणि कधी कधी ते फसतं. अशा वेळी चालू होताना शिफ्ट (यूईएफआय, म्हणजे बायोसच्या जागी आलेली नवी व्यवस्था, असेल तर एस्केप) दाबून ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून मागचा कर्नल निवडता येतो. तो असेल तरच. म्हणून नव्यावर दोन-चार दिवस काम करा, आवाज, नेट, स्लीपमधून उठणं तपासा, आणि मगच जुने काढा. फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्ये तिथला पॅकेज मॅनेजर डीएनएफ मुळातच तीन कर्नल ठेवतो, तिथे सहसा हात लावावा लागत नाही.

ऑटोरिमूव्हच अडकला तर

'/बूट' पूर्ण भरलं की ॲप्ट आधी अर्धवट काम पुरं करू पाहतो, त्यालाही जागा लागते, आणि गाडी तिथेच रुतते. मग ॲप्ट बाजूला ठेवा. चालू नसलेल्यांपैकी सर्वांत जुना कर्नल 'सुडो डीपीकेजी --पर्ज'ने काढा. तक्रार आली तर त्याच आकड्याचं 'मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' पॅकेजही त्याच आदेशात द्या. एवढ्यानेही जमलं नाही तर त्याच जुन्या कर्नलची इनिटआरडी पुसू नका, होम फोल्डरमध्ये हलवा. जागा झाली की 'सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल', मग ऑटोरिमूव्ह, आणि शेवटी 'सुडो अपडेट-ग्रब'.

नंतर 'डीपीकेजी -एल'च्या यादीत काही ओळींपुढे 'आरसी' दिसेल. पॅकेज गेलंय, फक्त सेटिंगच्या बारीक फाइली उरल्यात, एवढाच त्याचा अर्थ. आता रीस्टार्ट करा आणि 'युनेम -आर' पुन्हा एकदा बघा.