यीस्टवर काम करायचंय? आधी तीन तासांचा अलार्म लावा

रत्नागिरीत एमएस्सी मायक्रो करताना मायकॉलॉजी, म्हणजे बुरशीचा अभ्यास, कोणालाच नको होती, कारण बुरशी म्हटलं की पावसाळ्यात चपलांवर नि चामड्याच्या पट्ट्यावर चढते तीच डोळ्यासमोर यायची. मलाही नकोच होती, पण प्रोजेक्टला तोच विषय उरलेला. आता त्यातच रमलेय, म्हणून नवीन मुलांसाठी हे.

यीस्ट म्हणजे एका पेशीची बुरशी. माडी आंबवणारं यीस्ट आणि माणसाला आजारी पाडणारं यीस्ट, मायक्रोस्कोपखाली दोन्ही गोल-लंबगोल नि कोंब फुटून वाढणारी, नुसतं बघून ओळखायला गेलात तर फसलात. ती करतात काय ते बघायचं. आजारी पाडणाऱ्यांतला कॅन्डिडा अल्बिकन्स सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) 37 डिग्रीला ठेवला की दोन-तीन तासांत पेशीतून नळी निघते, मोड आलेल्या मटकीसारखी, हीच जर्म ट्यूब. नळी जिथून निघते तिथे चिमटा काढल्यासारखं आवळलेलं नसलं तरच ती खरी. परीक्षेपुरतं पाठ करू नका हे, आकार बदलणं हेच त्याचं हत्यार आहे, लांब तंतू झाला की तो टिश्यूत घुसतो.

माझी पहिली माती इथेच झाली. टेस्ट ट्यूब इन्क्युबेटरमध्ये ठेवली, जेवायला गेले, असा पाऊस लागला की परत यायला पाच तास, आणि बघते तर नळ्याच नळ्या, लगेच अल्बिकन्स लिहून मोकळी. निघाला त्याचा भाऊबंद, कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस! जास्त वेळ ठेवला की तो फसव्या नळ्या काढतो, मुळाशी आवळलेल्या, आणि ते मी बघितलंच नव्हतं. आपल्याकडे रक्तातल्या इन्फेक्शनमध्ये हाच भरपूर सापडतो, त्यामुळे चूक साधी नाही. दोन्हींचे ओळखीचे स्ट्रेन कंट्रोल म्हणून, म्हणजे ताडून बघायला, दरवेळी सोबत लावायचे.

क्रिप्टोकॉकस हे आजारी पाडणारं दुसरं यीस्ट मात्र मजेशीर. इंडिया इंक या काळ्या शाईत काळ्यावर पांढरं वलय दिसतं ती त्याची कॅप्सूल, म्हणजे पेशीभोवतीचं जाड वेष्टण, आणि कारळ्याच्या आगरवर (जेलीसारखं वाढवायचं माध्यम) त्याच्या कॉलनी तपकिरी होतात, कारळ्यातल्या कॅफेइक ॲसिडचं तो मेलॅनिन (काळपट रंगद्रव्य) करतो म्हणून. मीडियासाठी घरून कारळे न्यायला लागले तर आई म्हणे, "गो, चटणीक वायच ठेव!"

शिबं कोकणातल्या दमट हवेत घरोघरी. ती करणारं यीस्ट म्हणजे मॅलासेझिया, तो स्वतः फॅटी ॲसिड बनवू शकत नाही, आपल्या कातडीच्या तेलावर जगतो, म्हणून बुरशी वाढवायच्या नेहमीच्या साबुरो प्लेटवर काही येत नाही, वर ऑलिव्ह ऑइल घालावं लागतं. मी दोन आठवडे रिकाम्या प्लेटा बघत बसलेले. केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) लावलेल्या कातडीच्या खरवडीत मात्र तो पटकन दिसतो, शेवयांत साबुदाणे पडल्यासारखा.

कॅन्डिडा ऑरिसचं नाव ऐकलं असेलच, औषधांना दाद न देणारा, हॉस्पिटलांत पसरणारा. 2009 मध्ये जपानमधल्या पेशंटच्या कानातून पहिल्यांदा नोंदवला, म्हणून ऑरिस, लॅटिनमध्ये कान. 2021 मध्ये दिल्लीच्या बुरशीतज्ज्ञ अनुराधा चौधरींच्या टीमला तो अंदमानच्या किनाऱ्यावर नि खाऱ्या दलदलीत सापडला, बाहेरच्या निसर्गात पहिल्यांदाच. ते वाचून मी खारफुटीतल्या चिखलातली यीस्ट बघायचं ठरवलं. तुम्ही गेलात तर ओहोटी बघून जा नि गमबूट घाला, माझी एक चप्पल अजून आचऱ्याच्या खाडीत आहे.