इंग्रजीत योग्य क्वेश्चन टॅग कसा निवडावा

विधानाच्या शेवटी जोडलेला छोटा प्रश्न म्हणजे क्वेश्चन टॅग. वाक्य कोणतेही असो, त्याच्या शेवटी ‘इझन्ट इट?’ जोडून मोकळे व्हायचे, ही सवय मुंबईत सर्रास आढळते. बोलण्यात ते खपून जाते. दहावीच्या उत्तरपत्रिकेत मात्र गुण जातात.

प्रथम वाक्यातील सहायक क्रियापद (इज, हॅज, विल यांसारखे) शोधावे, कारण टॅगमध्ये तेच पुन्हा येते. ते नसेल तर काळ आणि कर्ता पाहून डू, डझ किंवा डिड घ्यावे. ‘धिस ट्रेन स्टॉप्स ॲट दादर’ या वाक्यात सहायक क्रियापद नाही. काळ साधा वर्तमान आणि कर्ता एकवचनी असल्याने डझ येते, वाक्य होकारार्थी असल्याने त्याचे डझन्ट होते आणि ‘ट्रेन’साठी इट हे सर्वनाम येऊन ‘डझन्ट इट?’ असा टॅग तयार होतो.

होकारार्थी वाक्याला नकारार्थी टॅग आणि नकारार्थी वाक्याला होकारार्थी टॅग, हा नियम बहुतेकांना पाठ असतो. फसगत होते ती नॉट नसलेल्या नकारात. नेव्हर, हार्डली, सेल्डम हे शब्द वाक्याला नकारार्थी करतात, म्हणून ‘ही हार्डली ट्रॅव्हल्स बाय बस’ यापुढे ‘डझ ही?’ हवे. संक्षिप्त रूपेही उलगडून पाहावीत: ‘शीज लेफ्ट फॉर ठाणे’ यात इज नसून हॅज आहे, म्हणून ‘हॅझन्ट शी?’.

टॅगमध्ये नाम नव्हे, सर्वनामच येते. एव्हरीवन, समबडी यांसाठी दे, नथिंगसाठी इट. देअरने सुरू होणाऱ्या वाक्यात देअरच राहते.

काही रूपे सरळ पाठच करावीत. ‘आय ॲम’ला ‘आरन्ट आय?’, ‘लेट्स’ला ‘शॅल वी?’ आणि आज्ञार्थी वाक्याला साधारणपणे ‘विल यू?’. यांतले पहिले रूप तर्काला पटत नाही, पण रूढ तेच आहे.

उच्चारानेही अर्थ बदलतो: टॅगवर स्वर चढला तर प्रश्न खरा असतो, उतरला तर बोलणाऱ्याला केवळ दुजोरा हवा असतो. उत्तर देताना अधिक जपावे. ‘यू डोन्ट ईट फिश, डू यू?’ असे विचारल्यावर मासे न खाणारा मराठी माणूस ‘हो, नाही खात’ या सवयीने ‘येस’ म्हणून जातो, आणि यजमान निःशंक मनाने त्याला सुरमई वाढतो. तेथे ‘नो, आय डोन्ट’ असेच म्हणावे.