रोटरी क्लबमध्ये पक्षीनिरीक्षणाचा गट कसा उभारावा

समान आवडीच्या सभासदांच्या आंतरराष्ट्रीय गटांना रोटरीत ‘फेलोशिप’ म्हणतात. १९२८ साली एस्पेरांतो भाषेच्या चाहत्यांपासून ही कल्पना सुरू झाली आणि १९४७ साली काही नौकाप्रेमी सभासदांनी आपल्या बोटींवर रोटरीचा ध्वज लावून काढलेला गट आजही चालू आहे. पक्षीनिरीक्षकांची फेलोशिपही आहे, त्यामुळे नवी जागतिक संस्था काढण्याचा खटाटोप नाशिकमधून कुणी करू नये. तिचे सभासदत्व वैयक्तिकरीत्या घ्यावे आणि आपल्या क्लबात पक्षीनिरीक्षणाची आवड जोपासणारा छोटा गट करावा. सभासदांचे कुटुंबीय आणि रोटरॅक्टर (रोटरीच्या युवा क्लबांचे सभासद) यांनाही त्यात घेता येते. फेलोशिप स्वतंत्रपणे चालतात आणि रोटरी इंटरनॅशनल त्यांना निधी देत नाही, तेव्हा खर्चाचा प्रश्न वर्गणी काढून गटातच मिटवावा.

क्लबच्या साप्ताहिक बैठकीत दोन मिनिटे मागून घ्या आणि इच्छुकांची नावे लिहून घ्या.

खरी अडचण पहिल्या फेरीत येते आणि मी तिथेच सपशेल आपटलो होतो. आपल्याकडे निमंत्रणपत्रिकेत ‘बैठकीनंतर फेलोशिप’ असे छापले की त्याचा अर्थ जेवण असा होतो, हे विसरून मी ‘बर्डवॉचिंग फेलोशिप, नांदूरमध्यमेश्वर’ असा संदेश पाठवला. चौतीस जण आले, त्यांत दुर्बीण असलेले तिघे. चापडगावच्या बाजूला पाण्यालगत थापट्या बदकांचा मोठा थवा चरत होता आणि मी दुर्बीण डोळ्यांना लावतो न लावतो तोच मागे कुणीतरी ग्रुप फोटोसाठी क्लबचा फ्लेक्स उलगडला. त्याचा तो फडफडाट झाला आणि सारा थवा उठून पार पलीकडच्या काठाला गेला. उरलेली सकाळ आम्ही मिसळ कुठे खायची यावर चर्चा केली.

म्हणून माझे ठाम मत असे की, पहिल्या तीन फेऱ्यांना आठांहून अधिक माणसे नेऊ नयेत, भले अध्यक्ष नाराज झाले तरी चालेल. ‘जितके जास्त तितके चांगले’ हा सल्ला वृक्षारोपणाला लागू पडत असेल, इथे नाही. संदेशात ‘फेलोशिप’ हा शब्दच टाळावा. ‘पहाटे साडेपाचला निघायचे, नाश्ता परतताना, मळकट रंगाचे कपडे’ एवढेच लिहावे, म्हणजे निम्मी गर्दी आपोआप गळते. बॅनर गाडीतच राहू द्यावा आणि फोटो परतताना वाहनतळावर काढावा. हे चारचौघांत आधीच सांगावे लागते, कारण काठावर उभे राहून कुजबुजत ज्येष्ठांना अडवणे कुणालाच जमत नाही.

ठिकाणाबद्दल फार विचार नको. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून झालेली नांदूरमध्यमेश्वरची ही उथळ पाणथळ २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरली, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तिथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदके असे पाहुणे नवख्यालाही दिसतात.

मग राहतो १ जुलै. त्या दिवशी रोटरीचे वर्ष बदलते, नवे अध्यक्ष येतात आणि मागच्या अध्यक्षांच्या हौसेने चाललेले गट बहुधा तिथेच संपतात. यासाठी गटाचा समन्वयक क्लबच्या पदाधिकाऱ्यांपैकी नसावा, आणि त्याची मुदत जानेवारी ते डिसेंबर ठेवावी. शिवाय ‘यातून प्रकल्प काय होणार?’ असे नव्या कार्यकारिणीने विचारले, तर फेलोशिप आवडीसाठी असतात आणि सेवाप्रकल्पांसाठी रोटरीचे कृतिगट वेगळे आहेत, हे शांतपणे सांगावे. समन्वयक बदलताना पक्ष्यांच्या नोंदीची वही, दुर्बिणी आणि वर्गणीचा हिशेब एकाच पिशवीत घालून पुढच्याच्या हाती द्यावा. आमची पहिली वही एका माजी समन्वयकाच्या माळ्यावर दोन वर्षे पडून होती.