डिप्लॉय झालं, पण साइट उघडत नाही: कनेक्शनची एरर टप्प्याटप्प्याने कशी शोधावी

लॅपटॉपवर ॲप झकास चालतं. क्लाउडवर चढवलं, डॅशबोर्डवर हिरवी खूणही आली, आणि लिंक उघडली तर 'साइटपर्यंत पोहोचता येत नाही'. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात: पुन्हा पुन्हा डिप्लॉय करत बसतात, नाहीतर फायरवॉलमधली सगळी पोर्ट (सर्व्हरची क्रमांक दिलेली दारं) जगाला उघडी करून टाकतात. पहिल्याने वेळ जातो. दुसऱ्याने तर सर्व्हरच धोक्यात येतो. शिवाय एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या की नेमकं कशामुळे चाललं आणि कशामुळे बिघडलं, हे नंतर सांगता येत नाही. त्यामुळे आधी काहीही बदलू नका. ब्राउझरमधून निघालेली विनंती कुठपर्यंत पोहोचते आणि कुठे अडते, तेवढंच शोधा.

आधी एरर शब्दशः वाचा

'चालत नाही' ही एरर नव्हे. ब्राउझरने किंवा लॉगने नेमके कोणते शब्द दिलेत ते पाहा, कारण त्या शब्दांतच निम्मं उत्तर असतं.

ब्राउझर आधी सर्व्हरच्या ठरावीक पोर्टवर 'सिन' नावाचं छोटं पॅकेट पाठवतो. मशीन चालू आहे, पण त्या पोर्टवर कोणताच प्रोग्राम ऐकत नाही, असं असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम लगेच 'रीसेट' परत पाठवते. हेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. म्हणजे रस्ता मोकळा आहे, गडबड ॲपमध्ये किंवा पोर्टच्या आकड्यात आहे.

'टाइम्ड आउट' आलं तर गोष्ट वेगळी. पॅकेट गेलं, पण उत्तरच आलं नाही. ॲमेझॉनचे सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे त्यांची फायरवॉल, परवानगी नसलेली पॅकेट गुपचूप टाकून देतात, नकारही कळवत नाहीत. म्हणून टाइमआउट दिसला की पहिला संशय फायरवॉलवर घ्या किंवा पत्ताच चुकला असेल असं धरा. कोडमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही.

नाव सापडत नाही, 'एनएक्सडोमेन', असं आलं तर विनंती सर्व्हरपर्यंत गेलेलीच नाही, डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याच्या टप्प्यातच, अडली. आणि ५०२, ५०३, ५०४ यांपैकी आकडा दिसला तर एका अर्थी बरी बातमी आहे: दारावरचा प्रॉक्सी किंवा लोड बॅलन्सर (विनंत्या आधी घेऊन ॲपकडे सोडणारा) उत्तर देतोय, अडचण त्याच्या मागे आहे.

मग सर्व्हरच्या आत जाऊन पाहा

शोध आतून बाहेर करावा. एसएसएचने (दूरच्या मशीनवर लॉगिन करण्याच्या सोयीने) मशीनमध्ये शिरा आणि तिथूनच कर्ल कमांडने १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे त्या मशीनच्या स्वतःच्याच पत्त्यावर, तुमच्या ॲपचं पोर्ट मागा, उदाहरणार्थ १२७.०.०.१:३०००. इथेच नकार आला तर बहुधा ॲप सुरूच झालेलं नाही. लॉग उघडा. बहुतेकदा एखादा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (ॲपला बाहेरून द्यायची सेटिंग) द्यायचा राहिलेला असतो आणि ॲप पहिल्या सेकंदालाच कोसळलेलं असतं. लॉगमध्ये शेवटची ओळ नाही, पहिली लाल ओळ वाचा. खालच्या दहा ओळी बहुधा तिचेच परिणाम असतात.

आतून चालतं आणि बाहेरून नाही? मग ॲप कोणत्या पत्त्यावर ऐकतंय ते बघा. लिनक्सवर 'एसएस' कमांडला टी, एल, एन, पी हे पर्याय दिले की ऐकणाऱ्या प्रोग्रामांची यादी मिळते. तिथे १२७.०.०.१:५००० दिसलं तर ॲप फक्त त्याच मशीनचं ऐकतंय. फ्लास्क मुळात १२७.०.०.१:५००० वर आणि जँगोचा रनसर्व्हर १२७.०.०.१:८००० वर सुरू होतो, आणि नवशिक्यांची सर्वाधिक अडवणूक इथेच होते. बाहेरून थेट विनंती घ्यायची असेल तर ०.०.०.० वर, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर, ऐकायला सांगा. डॉकर कंटेनरमध्ये (ॲप ज्या वेगळ्या बंद डब्यात चालतं त्यात) तर हे हवंच, आणि कंटेनर चालवताना पोर्ट बाहेरच्या मशीनला जोडून 'पब्लिश'ही करावं लागतं. मात्र त्याच मशीनवर पुढे एनजिनएक्स हा प्रॉक्सी बसवलेला असेल तर ॲप १२७.०.०.१ वरच राहू द्या, तेच सुरक्षित.

रेंडर, हेरोकू, गूगल क्लाउड रन यांसारख्या सेवांवर पोर्ट तुम्ही ठरवायचं नसतं. सेवा 'पोर्ट' नावाच्या व्हेरिएबलमधून आकडा देते आणि ॲपने तोच वाचायचा असतो. क्लाउड रनवर तो सहसा ८०८० असतो, रेंडरवर १००००, हेरोकूवर दर वेळी वेगळा. कोडमध्ये ३००० कायमचं लिहून ठेवलंत तर हेरोकू ६० सेकंद वाट पाहून 'आर१०' एरर देऊन ॲप बंद करतं. ॲप स्वतःच्या परीने नीट सुरू झालेलं असतं, त्यामुळे त्याच्या लॉगमध्ये तक्रार दिसत नाही आणि माणूस गोंधळतो.

फायरवॉल एक नसते

ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये सर्व्हर घेतलात असं धरू. बाहेर सिक्युरिटी ग्रुप, आत उबंटूची 'यूएफडब्ल्यू', असे दोन थर आहेत. दोन्हींत ८० आणि ४४३ उघडी हवीत. ओरॅकलच्या मोफत सर्व्हरवर, जे विद्यार्थी हौसेने घेतात, उबंटूच्या इमेजमध्ये 'आयपीटेबल्स' या आतल्या फायरवॉलचे नियम आधीच घातलेले असतात. वेबवरच्या कन्सोलमध्ये पोर्ट उघडूनही 'नो रूट टू होस्ट' येत राहतं, कारण आतला नियम अजून नाही म्हणतोय.

कालपर्यंत चालणारं एसएसएच आज टाइमआउट देतंय? पोर्ट २२ च्या नियमात 'माय आयपी' निवडलं असेल तर तो पत्ता त्या दिवशीचा होता. घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता राउटर बंद-चालू झाला तरी बदलू शकतो. नियमात नवा पत्ता घाला, संपूर्ण जगाला परवानगी देऊ नका. सर्व्हरचंही असंच: ॲमेझॉनचं ईसीटू मशीन स्टॉप करून पुन्हा स्टार्ट केलं की इलॅस्टिक आयपी (न बदलणारा पत्ता) घेतलेला नसल्यास सार्वजनिक पत्ता बदलतो, आणि डोमेन जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतं.

५०२ आणि एनजिनएक्सचा लॉग

५०२ आला की एनजिनएक्सचा एरर लॉग उघडा. व्हार, लॉग, एनजिनएक्स या फोल्डरांच्या रांगेत तो सापडतो. त्यातली ओळ साधारण अशी असते: 'कनेक्ट फेल्ड, १११: कनेक्शन रिफ्यूज्ड, व्हाइल कनेक्टिंग टू अपस्ट्रीम', आणि पुढे अपस्ट्रीमचा, म्हणजे मागच्या ॲपचा, ज्या पत्त्यावर जायचा प्रयत्न केला तो पत्ता. हा पत्ता नीट वाचा. ॲप ८००० वर ऐकतंय आणि कॉन्फिगमध्ये ३००० लिहिलंय, हे इथे उघडपणे दिसतं. १११ ऐवजी १३, म्हणजे 'परमिशन डिनाइड', असेल तर रेड हॅट घराण्यातल्या सिस्टिमवर एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा आड येतेय, पोर्ट बरोबर असूनही.

५०४ म्हणजे ॲपने फोन उचलला, पण वेळेत उत्तर दिलं नाही. एनजिनएक्स मुळात ६० सेकंद थांबतं. ही मुदत वाढवण्याआधी ॲप कशासाठी थांबलंय ते पाहा, बहुतेक वेळा डेटाबेससाठी.

एक प्रकार मात्र फार छळतो: शंभरातली एखादीच विनंती ५०२ देते, बाकी सगळं सुरळीत. ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरमागे नोडचं (Node.js) ॲप असेल तर हे बघा. लोड बॅलन्सर मोकळं कनेक्शन ६० सेकंद धरून ठेवतो, तर नोडचं 'कीप अलाइव्ह टाइमआउट' बऱ्याच आवृत्त्यांत ५ सेकंदांचं असतं. नोडने कनेक्शन बंद करायला आणि लोड बॅलन्सरने त्यावर नवी विनंती सोडायला एकच गाठ पडली की ५०२. नोडची मुदत ६० सेकंदांपेक्षा जास्त, समजा ६५, ठेवली की थांबतं.

डेटाबेस

ॲप उघडतं, लॉगिन केलं की लटकतं. कनेक्शनच्या पत्त्यात अजून 'लोकलहोस्ट' आहे का? कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, शेजारचा डेटाबेस नव्हे. डॉकर कंपोजमध्ये तिथे सर्व्हिसचं नाव लिहावं लागतं. एररमध्ये ::१ दिसलं तर नोड १७ पासूनचा बदल आठवा: लोकलहोस्टसाठी आयपीव्ही६चा (नव्या पद्धतीचा) पत्ता आधी वापरला जाऊ शकतो, आणि डेटाबेस फक्त आयपीव्ही४वर ऐकत असेल तर नकार येतो. तिथे सरळ १२७.०.०.१ लिहा.

पासवर्डात '@' असेल तर कनेक्शनचा पत्ता मधेच तुटतो आणि पासवर्डाचा उरलेला तुकडा होस्टचं नाव समजला जातो. '@' च्या जागी %४० हा संकेत लिहा, टक्क्याच्या खुणेनंतरचे आकडे अर्थातच इंग्रजी कळांनी.

मोंगोडीबी ॲटलासवर सर्व्हरचा पत्ता परवानगीच्या यादीत हवा. सुपाबेसचं थेट कनेक्शन आयपीव्ही६वर आहे, तुमच्या होस्टिंगला ते जमत नसेल तर त्यांच्या पूलरचा (जोडण्या वाटून देणाऱ्या मधल्या सेवेचा) पत्ता वापरा. रेंडरवर डेटाबेसचा अंतर्गत पत्ता फक्त त्याच रीजनमधून चालतो, तेव्हा ॲप सिंगापूरला आणि डेटाबेस ओरेगॉनला, अशी वाटणी करू नका. पोस्टग्रेसने 'टू मेनी क्लायंट्स' म्हटलं तर नेटवर्क ठीक आहे. मुळात १०० जोडण्यांची मर्यादा असते आणि ॲप दर विनंतीला नवी जोडणी उघडतंय. पूल वापरा, म्हणजे उघडलेल्याच जोडण्या पुन्हा वापरल्या जातील.

माझ्याकडे उघडतं, इतरांकडे नाही

फ्रंटएंडमध्ये एपीआयचा पत्ता लोकलहोस्ट:५००० राहून गेला असेल तर ही हमखास फसगत होते. तुमच्या लॅपटॉपवर बॅकएंड चालूच असतो, त्यामुळे ऑनलाइन साइटही त्यालाच बोलावते आणि सगळं ठीक भासतं. मित्राच्या मोबाइलवर मात्र काहीच येत नाही. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा आणि विनंती कोणत्या पत्त्यावर जाते ते वाचा. व्हीटमध्ये (Vite, फ्रंटएंडचा बिल्ड करणारं साधन) हे व्हेरिएबल बिल्डच्या वेळीच कोडमध्ये गोठतात, डॅशबोर्डवर बदलून पुरत नाही, नवीन बिल्ड लागतो.

वायफायवर नवी साइट आणि जिओच्या डेटावर जुनं पान दिसत असेल तर डोमेनचं 'क्वाड ए' (AAAA) रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६चा पत्ता सांगणारी डीएनएसमधली नोंद, तपासा. जिओ आयपीव्ही६ मोठ्या प्रमाणावर वापरतं. 'ए' रेकॉर्ड बदललं आणि आयपीव्ही६चं जुन्या होस्टिंगकडे तसंच राहिलं की असं होतं. मधे क्लाउडफ्लेअर ही प्रॉक्सी सेवा असेल तर त्याचे आकडे बोलके आहेत: ५२१ म्हणजे मूळ सर्व्हरने नकार दिला, ५२२ म्हणजे उत्तरच नाही, ५२५ आणि ५२६ म्हणजे सुरक्षित जोडणीची (एसएसएल) किंवा तिच्या प्रमाणपत्राची भानगड.

साइट उघडली की दोन कामं त्याच दिवशी उरकून घ्या. तपासणीसाठी उघडलेली पोर्ट, विशेषतः डेटाबेसचं ५४३२, ३३०६ किंवा २७०१७, बंद करा. आणि सर्व्हर एकदा स्वतःहून रीबूट करा. सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिस सुरू ठेवणाऱ्या यंत्रणेत) सर्व्हिस 'एनेबल' केलेली नसेल किंवा पीएमटूची (नोडची ॲप चालू ठेवणाऱ्या साधनाची) यादी सेव्ह केलेली नसेल, तर ॲप परत उठणार नाही, आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर कळलेलं बरं.