गेमिंग लॅपटॉपचा फॅन घरी बदलताय? या चुका टाळा

फॅन बदलणं हे मुळात दोन-चार स्क्रू आणि एका कनेक्टरचं काम. तरीही घरी उघडलेले लॅपटॉप बिघडतात, आणि बहुतेक वेळा फॅनमुळे नाही, तर फॅनपर्यंत पोहोचताना झालेल्या घाईमुळे. फॅन गेला तर दुसरा मिळतो. तो ज्या मदरबोर्डला (आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला) जोडलेला असतो त्याला धक्का लागला तर लॅपटॉपच अडकून पडतो. म्हणून खाली फॅनपेक्षा त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींबद्दलच जास्त लिहिलंय.

फॅन खरंच गेलाय का?

फॅन झिजला आहे की नुसती धूळ साचली आहे, हे न बघताच नवा फॅन मागवणारे खूप आहेत. फॅन आणि तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीच्या मधल्या फटीत धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. हवा अडते, फॅन जोरात फिरतो, लॅपटॉप तापतो. पण आवाज हवेचाच असतो, नेहमीपेक्षा मोठा इतकंच. अशा वेळी झाकण उघडून ती जाळी साफ केली की काम होतं.

बेअरिंग झिजल्याचा आवाज वेगळा असतो. खरखर, टकटक, किंवा थंड लॅपटॉप सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं घरघर आणि मग शांतता. लॅपटॉप किंचित तिरका केल्यावर आवाज बदलला तर संशय पक्का. झाकण उघडल्यावर (बॅटरी काढून) फॅनची चकती बोटाने हलवून बघा. वर-खाली थोडीशी हलली तर काळजी नको, अनेक फॅनमध्ये ती चुंबकानेच जागेवर धरलेली असते. बाजूला डुलत असेल, किंवा हलका धक्का दिल्यावर दोन फेरे न घेता अडकून थांबत असेल, तर फॅन संपला.

गेमच्या फ्रेमरेटबरोबर चढणारा-उतरणारा बारीक, तीक्ष्ण स्वर ऐकू येत असेल तर तो फॅनचा नाही. तो बोर्डावरच्या कॉइलचा आवाज आहे आणि फॅन बदलून जाणार नाही.

तेल घालून फॅन जिवंत करायचा मोह टाळा. गंज सोडवणारे स्प्रे तर नकोच; ते बेअरिंगमधलं मूळ वंगण धुऊन काढतात. चांगलं तेल घातलं तरी आराम तात्पुरता, आणि पात्यांवर उडालेल्या तेलाला धूळ चिकटते ती वेगळीच.

उघडण्याआधी एक काम करून ठेवा. नेहमीचा एखादा गेम वीस मिनिटं चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरचं तापमान, ग्राफिक्स कार्डचं तापमान आणि दिसत असेल तर फॅनचा वेग टिपून ठेवा. हे आकडे नसले तर नंतर फरक पडला की नाही हे नुसत्या अंदाजावर राहतं.

मॉडेलचं नाव बघून मागवलेला फॅन

माझ्या मते सर्वात जास्त वेळ वाया घालवणारी चूक हीच. लॅपटॉपच्या एकाच नावाखाली वेगवेगळी ग्राफिक्स कार्डं असतात आणि त्यांच्यासोबत फॅनही बदलतात. आधी लॅपटॉप उघडा, जुन्या फॅनच्या लेबलचा फोटो काढा, मगच मागवा.

लेबलवर पार्ट नंबर असतो आणि व्होल्टेज असतं. लॅपटॉपचे फॅन बरेचदा ५ व्होल्टचे असतात, पण अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये १२ व्होल्टचे फॅन येतात. आकार हुबेहूब सारखा असला तरी ५ व्होल्टचा फॅन १२ व्होल्टवर लावला तर जळू शकतो, आणि उलट केलं तर तो नीट फिरतच नाही. पिनाही मोजा. चार पिनांच्या फॅनमध्ये एक वायर विजेची, एक ग्राउंडची, एक वेग किती हे बोर्डाला सांगणारी आणि एक वेग ठरवणारी असते. तीन पिनांचा प्लग ओढूनताणून त्या जागी बसवायचा नाही.

प्रोसेसरच्या बाजूचा आणि ग्राफिक्स कार्डच्या बाजूचा फॅन बहुधा एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात. पाती उलट दिशेची, वायरची लांबी वेगळी. दोन्ही फॅन सारखेच तास फिरलेले असल्यामुळे एक गेला की दुसराही फार मागे नसतो. जोडी मिळत असेल तर मी जोडीच बदलतो, कारण पुन्हा पुन्हा उघडण्याने झाकणाच्या क्लिपा सैल होतात.

उघडताना

लॅपटॉप स्लीपमध्ये न ठेवता पूर्ण बंद करा, चार्जर काढा. काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. एक कोपरा निघत नाही म्हणजे तिथे स्क्रू राहिला आहे. जोर लावलात तर प्लास्टिक तुटेल. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर लॅपटॉपचा ढोबळ आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा. लांब स्क्रू आखूड जागेत पिळला तर वरच्या पृष्ठावर फुगवटा येतो किंवा आतलं काही दबतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत घट्ट बसलंच पाहिजे. ते घसरायला लागलं की थांबा आणि योग्य मापाचं टोक घ्या, कारण खाच एकदा गुळगुळीत झाली की तो स्क्रू काढणं हेच मोठं काम होऊन बसतं.

झाकण एकदम उचलू नका. खालच्या झाकणाला दिव्यांची पट्टी असेल तर तिची पातळ केबल बोर्डाला जोडलेली असू शकते. आधी चार बोटं उचलून आत डोकावा.

मग सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा आणि पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. बॅटरी फुगलेली दिसली तर काम तिथेच थांबवा. तिला टोचणं, दाबणं, पुन्हा चार्ज करणं काहीच नको. आधी तिचीच व्यवस्था लावायला हवी.

कनेक्टर: इथे घाई नको

पहिल्यांदा फॅन बदलला तेव्हा मी वायर धरून ओढली आणि बोर्डावरचं सॉकेट प्लगसकट हातात आलं. नवा फॅन टेबलावर तयार होता, पण लावायला जागाच उरली नव्हती. तेव्हापासून या एका टप्प्याला मी बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ देतो.

हे कनेक्टर ढोबळमानाने दोन प्रकारे बसतात. काही वरून खाली दाबून बसवलेले असतात, ते सरळ वर उचलायचे. काही बोर्डाला समांतर, बाजूने आत सरकवलेले असतात, ते मागे सरकवायचे. दुसऱ्या प्रकारचा कनेक्टर वर उचलायला गेलात की सॉकेटचे सोल्डर केलेले सांधे बोर्डावरून सुटतात. म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा करून बघा, सॉकेटचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते ओळखा. प्लगच्या दोन्ही कडांना बारीक कान असतात. नख किंवा प्लास्टिकचं टोक आलटून पालटून दोन्ही कानांना लावत प्लग थोडा थोडा बाहेर आणा. वायरला हात लावायचाच नाही. धातूचा चिमटा वापरत असाल तर बॅटरी काढलेली आहे ना, हे आणखी एकदा बघा.

सॉकेट निघालंच तर गोंदाने चिकटवू नका. त्याने वीज वाहणार नाही आणि पुढच्या दुरुस्तीची जागाही खराब होईल. सॉकेट जपून ठेवा आणि बोर्डावर बारीक सोल्डरिंग करणाऱ्याकडे द्या.

फॅन हीटसिंकला जोडलेला असेल तर

काही लॅपटॉपमध्ये फॅन स्वतंत्र स्क्रूंवर असतो आणि हीटसिंकला (चिपमधली उष्णता ओढून जाळीपर्यंत नेणाऱ्या धातूच्या भागाला) न हलवता निघतो. तसा असेल तर हीटसिंकला उगाच हात लावू नका. काहींमध्ये दोन्ही एकत्र उचलावे लागतात, आणि मग काम एकदम मोठं होतं.

हीटसिंक एकदा उचललं की चिप आणि त्याच्या मधली जुनी थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) पुन्हा चालत नाही. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावी लागते. मेमरीच्या चिप्सवरचे थर्मल पॅड (त्याच कामाचे मऊ तुकडे) फाटले असतील तर त्याच जाडीचे घ्या. पॅड ०.५, १, १.५ मिलिमीटर अशा जाडीत येतात. १ च्या जागी १.५ चा पॅड घातला तर हीटसिंक त्या बाजूने उचललेलं राहतं आणि मुख्य चिपला नीट टेकत नाही. पॅड जाड तेवढा चांगला, हा गैरसमज इथे महागात पडतो. स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. काढताना उलट्या क्रमाने, बसवताना सुलट्या क्रमाने, आणि प्रत्येक स्क्रू थोडा थोडा.

असुसच्या आरओजी या गेमिंग मालिकेतल्या अनेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसरवर पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे द्रवरूप धातू असतो. तो वीज वाहून नेतो आणि त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातं. तुमच्या मॉडेलमध्ये तो असेल आणि हीटसिंक उचलावंच लागणार असेल, तर पहिलाच प्रयोग त्यावर करू नका, असं मी मनापासून सांगेन.

साफसफाई करताना हवेचा झोत मारणार असाल तर पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा फॅन झोताने बेफाम फिरतो आणि चांगलं बेअरिंगही खराब होतं. फॅन आणि जाळी यांच्या सांध्यावरची काळी पट्टी फेकू नका. ती नसली तर गरम हवा बाहेर न जाता आतच फिरत राहते.

बसवल्यावर काय बिघडलं?

लॅपटॉप सुरूच होत नसेल तर घाबरण्याआधी चार्जर लावा. बॅटरी एकदा काढली की काही लॅपटॉप चार्जर जोडेपर्यंत जागे होत नाहीत.

फॅन फिरत नाही? साध्या कामात अनेक लॅपटॉप फॅन बंदच ठेवतात. झाकण लावून थोडा भार द्या आणि मग ठरवा. झाकण काढून गेम चालवून बघू नका. हवेचा मार्ग झाकणाशिवाय पूर्ण होत नाही, त्यामुळे तेव्हाचं तापमान काहीच सांगत नाही. फॅन सतत पूर्ण वेगाने फिरत असेल किंवा वेग शून्य दिसत असेल, तर प्लग अर्धाच बसला असण्याची शक्यता मोठी.

तापमानाचे आकडे आधी टिपलेल्या आकड्यांशीच ताडून बघा. गेम चालू असताना प्रोसेसर ८५-९० अंशांवर जाणं गेमिंग लॅपटॉपमध्ये नवलाचं नाही. इंटेलच्या अनेक लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, एएमडीच्या अनेकांची ९५. पण हीटसिंक उचललं होतं आणि आता गेम सुरू करताच काही सेकंदांत तापमान मर्यादेला भिडत असेल, किंवा एकच कोअर बाकीच्यांपेक्षा खूप तापत असेल, तर हीटसिंक नीट बसलेलं नाही. उघडा, पॅडची जाडी तपासा, पुन्हा बसवा.

आणि नव्या फॅनमधून पहिल्याच दिवशी टर्रऽऽ असा आवाज आला तर लगेच फॅनला दोष देऊ नका. वायर तिच्या खाचेतून निसटून पात्यांना घासत असते, किंवा एखादा स्क्रू जास्त आवळल्याने फॅनची पातळ चौकट वाकलेली असते. बॅटरी काढा, वायर खाचेत बसवा, तो स्क्रू पाव फेरा सैल करा, आणि चकती बोटाने फिरवून ती कुठे घासत नाही ना ते बघूनच झाकण लावा.