मॅचनंतरचे दोन तास

कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन झालास की पहिलं काम एकच. मॅच संपल्यावर आपली पोरं कुठं जातात ते बघायचं. सरावाला कोण दांडी मारतो ते सर बघतील. पण संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ कोण कुणाच्या गाडीवर मागं बसून गेला, हे फक्त तुला कळतं. मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत वाढलो, 11 वर्षं हाफला, म्हणजे मधल्या फळीत खेळलो. आता उद्यमनगरात लेथवर काम करतो आणि कामाला जायच्या आधी सकाळी 6 ते साडेसात कॉलेजच्या पोरांचा सराव घेतो. मॅचच्या आदल्या रात्री मुद्दाम ठरवून प्यायला बसलेलं पोरगं मी क्वचितच बघितलं. बसतात ती मॅच झाल्यावर. जिंकलो म्हणून, हरलो म्हणून, पेनल्टी बाहेर गेली म्हणून. हंगामातली दारू थांबवायची असेल तर पोरांना उपदेश करू नकोस, हे दोन तास आपल्या हातात घे.

आपल्या गावात हे जास्त अवघड आहे, कारण इथं पोरगं एकट्या कॉलेजचं नसतं. तेच पोरगं आपल्या पेठेच्या टीमकडूनही खेळतं. शाहू स्टेडियमवर लीग सुरू झाली की पुढं एकामागून एक स्पर्धा, थेट उन्हाळ्यापर्यंत. पेठेपेठेतली ईर्षा अशी की गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेऊन मिरवतात, आणि त्याच रात्री कुणीतरी समर्थक काका प्रेमानं विचारतो, "चला, बसायचं काय?" त्यात वाईट हेतू नसतो. म्हणूनच नाही म्हणणं जड जातं.

मला जड गेलं होतं. 1998 चा मार्च, सेमीफायनल जिंकलो. रात्री पन्हाळा रोडला एका शेतात रस्सा मंडळ, म्हणजे मटण-रश्श्याची पार्टी. पातेल्यात तांबडा उकळत होता, आणि जेवणाआधीच माझ्या हातात बिअर आली. दोन बाटल्या झाल्या. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच, जरा कमी. तिसऱ्या दिवशी फायनल. साठाव्या मिनिटाच्या आसपास बॉलमागं पळताना मांडीच्या मागं काठीचा फटका बसावा तशी कळ आली आणि मी तिथंच बसलो. सहा आठवडे पळता आलं नाही. फायनल हरलो. एकट्या बिअरनं स्नायू फाटला असं मी म्हणत नाही. पण दोन रात्री झोप नाही, पाणी पुरेसं नाही, सेमीफायनलचा शीण तसाच अंगात, आणि त्याच पायांवर मी फायनलला उतरलो. बाहेर बर्फ लावून बसलो होतो तेव्हा माझ्या जागी उतरलेलं पोरगं 17 वर्षांचं होतं. त्याचा घाबरलेला चेहरा मला अजून दिसतो.

म्हणून पोरांना आधी हिशोब शिकव. धाक दाखवण्यापेक्षा हिशोब लवकर पटतो. 650 मिलीची स्ट्राँग बिअर, 8 टक्के. त्यात साधारण 41 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. लिव्हर तासाला साधारण 7 ते 8 ग्रॅम जाळतं. म्हणजे एका बाटलीला 5 ते 6 तास, दोन बाटल्यांना 10 ते 11. रात्री 10 ला ग्लास खाली ठेवला तर सकाळी 8-9 पर्यंत रक्तात आहेच, आणि आपला सराव 6 ला. गाडी चालवत येतोय तोही त्याच रक्तानं. व्हिस्कीची 180 मिलीची क्वार्टर असेल तर साधारण 60 ग्रॅम, म्हणजे 8 तास. लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ, कडक कॉफी, यातल्या कशानंही लिव्हरचा वेग वाढत नाही. हा हिशोब मी मैदानावर काडीनं मातीत लिहून दाखवतो. पोरं गप्प बसून बघतात, कारण प्रत्येकजण मनात आपापल्या शनिवारचा आकडा मांडत असतो.

दुसरी गोष्ट, मॅचनंतर शरीराला तीन कामं असतात: गेलेलं पाणी भरणं, स्नायूंतली संपलेली साखर भरणं, झिजलेले धागे दुरुस्त करणं. दारू तिन्हीत आडवी येते. मेंदूतून किडनीला 'पाणी धरून ठेव' म्हणून जो निरोप जातो तो दारू दाबते, म्हणून लघवी वाढते आणि एप्रिलच्या उन्हात आधीच सुकलेलं पोरगं आणखी सुकतं. 2014 साली मेलबर्नच्या संशोधकांनी व्यायामानंतर दारू देऊन स्नायू तपासले होते. दारूसोबत प्रोटीन घेऊनही स्नायू भरून यायचा वेग 24 टक्क्यांनी कमी, आणि प्रोटीनऐवजी नुसते पिष्टमय पदार्थ घेतले तर 37 टक्क्यांनी. दारूचं प्रमाण त्यात मोठं होतं हे खरं, पण फायनल जिंकल्यावर आपली पोरं कुठं कमी घेतात? झोपेचंही तेच. पिऊन डोळा लवकर लागतो, पण पहाटे झोप तुटत राहते, आणि पोरगं 8 तास पडून राहूनही आंबलेलंच उठतं.

आता ते दोन तास.

मॅचच्या आधीच प्रत्येकाकडून 40 रुपये घे आणि आपल्या खिशात ठेव. 16 पोरांचे 640 होतात. शिट्टी वाजल्यावर पैसे गोळा करायला गेलास तर अर्धी पोरं गेटबाहेर गेलेली असतात. बूट सोडतानाच प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली आणि दोन केळी पडली पाहिजेत. एक लिटर पाण्यात ओआरएसचं मोठं पाकीट, जास्त पाण्यात नको आणि कमीतही नको. जमलं तर वजनकाटा आण. मॅचआधी आणि नंतर वजन कर. एक किलो घटलं असेल तर रात्रीपर्यंत सव्वा ते दीड लिटर पाणी पोटात जायला हवं. आमचा गोलकीपर पहिल्यांदा काट्यावर उभा राहिला तेव्हा दोन किलोला थोडं कमी घटलं होतं, आणि तोवर तो अर्धा कप चहा पिऊन निघाला होता.

मग सगळ्यांनी एकत्र, शक्यतो चालत, एका घरी जायचं. हॉटेलात नको. हॉटेलात चार टेबलं होतात आणि चौथं टेबल हळूच सटकतं. घरात आई असते, आजी असते, तिथं कुणी सटकत नाही. आम्ही गंगावेशीत दूध कट्ट्यावर जातो, म्हशी समोर उभ्या असतात, तिथलं दूध घेतो आणि कुणाच्या तरी घरी तापवतो. धारोष्ण दुधाचा आपल्याकडं मान मोठा आहे, मला ठाऊक आहे, पण हंगामात पोट बिघडवून घ्यायची जोखीम मी घेत नाही. दूध, पाव, अंडाभुर्जी, नाहीतर भात-आमटी. पहिली 10 मिनिटं कुणी बोलत नाही. गुडघ्याला माती लागलेली 16 पोरं फरशीवर मांडी घालून पावानं ताट पुसत असतात. पोट भरलं की मग मॅचवर बोलणं सुरू होतं. ज्यानं पेनल्टी घालवली त्याला इथं बोलू दे. दारूजवळ तो जे बोलणार होता तेच इथं बोलतो, आणि सकाळी त्याला ते आठवत असतं. साडेआठला उठायचं.

समर्थकांचं जेवण नाकारू नकोस, ते अपमान मानतात. जा, पांढरा रस्सा पी, भाकरी खा, पण जाताना स्वतःच्या गाडीची किल्ली खिशात ठेव आणि 9 ला नीघ. ग्लास पुढं आला तर लांबलचक कारण सांगायचं नाही. "काका, सकाळी 6 ला ग्राउंड आहे" एवढंच, आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य. कारण बदललं की लोक वाद घालतात. प्यायलेल्याच्या मागं गाडीवर बसायचं नाही, तो कितीही जवळचा असू दे. आणि महाराष्ट्रात बिअरला वयाची अट 21 आहे, व्हिस्की-रमसारख्या दारूला 25. म्हणजे कॉलेजातली बहुतेक टीम कायद्यानंही बसू शकत नाही, हे काकांनाही नम्रपणे सांगता येतं.

तंबाखूचं वेगळं आहे. ती मॅचनंतरची नाही, दिवसभराची असते. सराव संपला की टपरीवर चहा आणि एक सुटी सिगारेट. अशी सुटी विकायला राज्यात 2020 पासून बंदी आहे, तरी मिळते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि बसल्याजागी तो निम्मा व्हायलाच 4 ते 5 तास लागतात. 4 च्या मॅचला 3 वाजता ओढलेली सिगारेट दुसऱ्या हाफमध्येही रक्तात जागा अडवून असते. हे पटवायला मी नाडी वापरतो. 200 मीटर जोरात पळायचं, 2 मिनिटं उभं राहायचं, मग मनगटावर दोन बोटं ठेवून 30 सेकंद मोजायचं. बाकीच्यांचे 58-60 आले तेव्हा आमच्या लेफ्ट विंगरचे 71. त्यानं स्वतःच्याच बोटांनी मोजले होते, त्यामुळं माझ्याशी वाद घातला नाही. तीन आठवडे सोडल्यावर 63. त्या दिवशी तो वही मागून घेऊन आकडा दोनदा बघत होता.

कुणीतरी म्हणेलच, हॉलंडचा एवढा मोठा फुटबॉलपटू क्रायफ ओढायचा की. ओढायचा. 1991 मध्ये त्याच्या हृदयाची बायपास झाली, मग त्यानं सोडली आणि सिगारेटचं पाकीट पायावर खेळवून लाथाडतानाची जाहिरात केली. 2016 मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेला. गोष्ट सांगायची तर सगळी सांग.

सोडायला मॅच संपल्यानंतरचा दिवस निवड, पुढची मॅच किमान 4-5 दिवस लांब असेल असा. चिडचिड, डोकेदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. तलफ एका वेळी 3 ते 5 मिनिटं टिकते. तेवढ्या वेळात लवंग तोंडात टाकायची, पाणी प्यायचं, बॉल पायावर 50 वेळा उडवायचा. टपरीचा रस्ता महिनाभर बदलायचा. 1800-11-2356 हा सरकारी मोफत नंबर आहे, तंबाखू सोडायला मदत करतात. तंबाखूचा मावा खाणाऱ्याला तर रोज विचार: तीन बोटं उभी तोंडात जातात का? जात नसतील, किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा असेल, तर त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडं. हे हंगाम संपेपर्यंत थांबणारं काम नाही.

एखाद्याचे हात सकाळी थरथरत असतील, घोट घेतल्याशिवाय शांत होत नसतील, तर त्याला 'आजपासून बंद' असं सांगू नकोस. रोजची दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते. त्याला घेऊन डॉक्टरकडं जा आणि टीममध्ये बोभाटा करू नकोस. बाकीच्यांसाठी नियम एकच ठेव: मॅचआधीच्या 48 तासांत घेतली तर बाकावर. दंड नको, सगळ्यांसमोर अपमान नको. नियम मोडल्याचं तुझ्याबाबतीत घडलं तर तूच आधी सांग आणि बाकावर बस.

घरांची यादी हंगामाच्या सुरुवातीलाच कर. आमची किटबॅगच्या आतल्या झाकणावर पेनानं लिहिलेली असते: पाच घरं, कुठल्या घरी गुरुवारी उपवास, कुठं अंडं चालत नाही, कुणाच्या आजीला मोठा आवाज सहन होत नाही, आणि दुधाचं मोठं पातेलं कुणाकडून आणायचं.