नव्या कराराचा पाठ अभ्यासताना: नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

पुण्यात इतिहासाची पदवी घेतल्यानंतर ख्रिस्ती धर्मग्रंथांची जडणघडण हा विषय घेऊन मी इंग्लंडमध्ये शिकायला गेले. तिथल्या माझ्या पहिल्याच निबंधात एक ठाम विधान होते: इ. स. 325 मध्ये निकाया येथील धर्मपरिषदेने नव्या करारातील, म्हणजे बायबलच्या येशू आणि त्याच्या शिष्यांविषयीच्या भागातील, पुस्तके निश्चित केली. समासात पेन्सिलीने ‘याला आधार काय?’ एवढेच लिहून निबंध परत आला. दोन दिवस ग्रंथालयात बसूनही मला आधार सापडला नाही, कारण तो नाहीच. त्या परिषदेचे जे वीस नियम उपलब्ध आहेत, ते बिशपांच्या नेमणुका, धर्मगुरूंचे वर्तन, छळाच्या काळात धर्म सोडलेल्यांना परत घेणे अशा बाबींचे आहेत. ग्रंथांची यादी त्यांत कुठेही नाही. आज मान्य असलेली नेमकी 27 पुस्तकांची यादी प्रथम दिसते ती आलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या 367 मधील ईस्टरच्या पत्रात. त्यानेही ती एका हुकुमाने घडवली असे नव्हे. चार शुभवर्तमाने (येशूच्या जीवनाचे वृत्तांत) आणि आद्य धर्मप्रचारक पौल याची बहुतेक पत्रे त्याआधी कितीतरी पिढ्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये वाचली जात होती. वाद होता तो इब्री लोकांस पत्र, पेत्राचे दुसरे पत्र, प्रकटीकरण अशा मोजक्या पुस्तकांविषयी. निकायाचा हा गैरसमज इतका रुळलेला आहे की शिकलेली माणसेही तो बिनदिक्कत सांगतात, म्हणून या विषयात येणाऱ्याने तो पहिल्या आठवड्यातच काढून टाकावा.

दुसरी सूचना वाचनाच्या क्रमाची आहे. नवा करार मत्तयाच्या शुभवर्तमानापासून सुरू होतो, म्हणून तेच सर्वांत जुने असे वाटणे स्वाभाविक आहे. पण अभ्यासकांच्या सर्वसाधारण मतानुसार पौलाची पत्रे आधीची आहेत. थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र सुमारे 50 चे, तर मार्काचे शुभवर्तमान सुमारे 70 चे मानले जाते. हे एकदा ध्यानात आले की पौल ‘शास्त्र’ म्हणतो तेव्हा त्याला शुभवर्तमाने अभिप्रेत असणे शक्य नाही, हेही उमगते. त्याच्यासमोर होती ती इब्री धर्मशास्त्रे, आणि तीही बहुतांशी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आलेक्झांड्रियात सुरू झालेल्या ग्रीक भाषांतरातून.

भाषेचा धसका घेऊ नये. नवा करार ज्या कोइने ग्रीकमध्ये आहे, ती त्या काळी पूर्व भूमध्यसागरी प्रदेशात सर्रास चालणारी भाषा होती, आणि शाळेत संस्कृत घेतलेल्या मराठी विद्यार्थ्याला ती वाटते तितकी परकी नाही. ग्रीक ‘एओरिस्ट’ हा भूतकाळ पाहताना संस्कृतमधला लुङ् आठवतो आणि ‘मध्यम’ प्रयोग आत्मनेपदाच्या जवळ जातो. द्विवचन मात्र कोइनेतून लोप पावले आहे, ही एक सवलतच म्हणायची. माझे इंग्रज सहाध्यायी जी रूपे महिनाभर घोकत होते, त्यांतली निम्मी मला रामरक्षा पाठ करणाऱ्या आजीच्या कृपेने ओळखीची वाटली. जर्मनची मात्र तशी सोय नव्हती, आणि एकोणिसाव्या शतकापासूनचे महत्त्वाचे संशोधन जर्मनमध्ये असल्यामुळे ती टाळताही आली नाही.

पहिल्या वर्षी मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात ‘पी 52’ नावाने ओळखला जाणारा पपायरसचा (लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या कागदाचा) तुकडा पाहिला. तो जेमतेम एटीएम कार्डाएवढा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील, रोमन अधिकारी पिलात येशूची चौकशी करतो त्या प्रसंगातल्या ओळींचे अवशेष आहेत. दोन्ही बाजूंना एकाच ग्रंथाचा सलग मजकूर असल्यामुळे हा गुंडाळीचा नव्हे, तर पाने शिवलेल्या पुस्तकाचा तुकडा आहे, हे कळते. अनेक पुस्तकांत त्याचा काळ ‘इ. स. 125’ असा छापलेला आढळेल. पण हा काळ केवळ अक्षरवळणावरून ठरवलेला आहे, आणि अक्षरवळण वर्ष सांगत नाही, फार तर काही दशकांचा पट्टा सांगते. बहुतेक अभ्यासक तो दुसऱ्या शतकातला मानतात, काही जण त्याहून पुढेही नेतात. आपल्या लेखनात नेमके वर्ष लिहिण्याचा मोह आवरावा.

नव्या कराराच्या पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखितांत पाठभेद विपुल आहेत, हे कळल्यावर काही विद्यार्थी हादरतात, तर काहींना उगाच चेव चढतो. मला दोन्हीपासून वाचवले ते एकनाथांनी. शके 1506 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि शेवटी बजावले की यात जो स्वतःची ओवी घालील, त्याने ‘अमृताचे ताटीं’ नरोटी (करवंटी) ठेवली असे समजावे. ग्रंथ हाताने उतरवला जातो तिथे नरोट्या येतातच, आणि त्या ओळखण्याचे शास्त्रही तयार होते. महाभारताच्या भांडारकर आवृत्तीमुळे आपल्याला ते चांगले परिचित आहे. प्रकटीकरणाच्या अगदी शेवटीही असाच इशारा आहे: या ग्रंथात कोणी भर घालू नये, यातून काही काढू नये. गंमत अशी की नेमका हाच इशारा छापताना बिघडला. इरॅस्मस या डच विद्वानाने 1516 मध्ये ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला, तेव्हा प्रकटीकरणाच्या त्याच्याजवळच्या एकुलत्या ग्रीक हस्तलिखिताचे शेवटचे पान गहाळ होते. त्याने लॅटिन पाठावरून त्या वचनांचे स्वतःच पुन्हा ग्रीक केले. त्या लॅटिन पाठात ‘जीवनाचे झाड’ या जागी ‘जीवनाचे पुस्तक’ आलेले होते. लॅटिनमध्ये हे दोन शब्द एकमेकांत मिसळण्याइतके जवळचे आहेत. ते ‘पुस्तक’ इरॅस्मसच्या ग्रीकमध्ये शिरले आणि तिथून 1611 च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात जाऊन बसले. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत मात्र ‘झाड’च आहे.

प्रबंधाच्या वेळी मी ‘बायबलचा पाश्चात्त्य समाजावरील प्रभाव’ असा विषय दिला, आणि तो नाकारला गेला. ‘प्रभाव’ हा शब्द ग्रंथालयाच्या कुठल्याही कपाटात सापडत नाही, असे मार्गदर्शकांचे म्हणणे होते. एक शब्द घ्या आणि तो कुठे कुठे गेला ते दाखवा. मी मत्तयाच्या शुभवर्तमानातील ‘मेतानोएइते’ हे क्रियापद घेतले. त्याचा अर्थ मन पालटा. जेरोमच्या लॅटिन भाषांतरातील शब्दप्रयोगाला ‘प्रायश्चित्त करा’ असाही अर्थ होता, आणि मध्ययुगीन चर्चमधील पापनिवेदनाच्या विधीला त्यातून शास्त्राधार मिळाला. इरॅस्मसने या भाषांतरावर आक्षेप घेतला. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या 1517 च्या पंचाण्णव प्रमेयांतले पहिलेच प्रमेय याच वचनावर आहे, आणि पुढच्या वर्षीच्या एका पत्रात मूळ ग्रीक अर्थाने आपला विचार कसा बदलला, हे त्याने स्वतः लिहिले आहे. एका क्रियापदामुळे धर्मसुधारणा झाली, असे मात्र लिहू नये. पापमुक्तिपत्रांचा बाजार, छापखाना आणि जर्मन राजेरजवाड्यांचे राजकारण ही कारणे तितकीच मोठी होती. मराठी बायबलमध्ये इथे ‘पश्चात्ताप करा’ असे आहे. त्यातला ताप मागाहून होणारा आहे, पालट त्यात पुरेसा येत नाही, असे मला अजूनही वाटते. पंडिता रमाबाईंनी केडगावला इब्री आणि ग्रीक शिकून आयुष्याच्या उत्तरार्धातली वर्षे स्वतंत्र भाषांतरात का घातली, हे अशा एखाद्या शब्दापाशी अडल्यावरच कळते.

प्रभाव दाखवायला असे कागद पुष्कळ आहेत. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने 1647 मध्ये कायदा केला की पन्नास घरांच्या प्रत्येक गावाने लेखन-वाचन शिकवणारा शिक्षक नेमावा. आणि त्याच्या प्रस्तावनेत कारण दिले आहे ते असे, की लोकांना शास्त्राच्या ज्ञानापासून दूर ठेवणे हा सैतानाचा मुख्य डाव आहे. याच्या उलट बाजूला लंडनमध्ये 1807 मध्ये छापलेली, वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठीची निवडक बायबलप्रत ठेवून पाहावी. तिच्यात इजिप्तच्या दास्यातून इस्राएल लोकांच्या सुटकेची कथा गाळलेली आहे, आणि दासांनी धन्यांच्या आज्ञेत राहावे हे इफिसकरांस पत्रातले वचन ठेवलेले आहे. काय गाळले याची यादी स्वतःच्या हाताने करून पाहिली, तेव्हा त्या दुपारी मला जे समजले, ते वर्षभराच्या व्याख्यानांतून समजले नव्हते.

नोकऱ्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. अध्यापनाच्या जागा थोड्या आहेत; हस्तलिखितांच्या सूची, त्यांचे डिजिटल संपादन आणि भाषांतर या कामांत त्यामानाने शिरकाव होतो, आणि तिथे ग्रीकइतकाच संस्कृतचा व मोडीचा सरावही उपयोगी पडतो. प्रवेशाचा अर्ज करण्यापूर्वी ग्रीक नव्या कराराची नेस्ले-आलांड यांची चिकित्सक आवृत्ती (अठ्ठाविसावी) उघडावी, प्रकटीकरणाच्या बाविसाव्या अध्यायातील एकोणिसावे वचन काढावे, आणि पानाच्या तळाशी असलेल्या पाठभेदांच्या बारीक खुणा कोशाच्या मदतीने उलगडून पाहाव्यात. त्यात संध्याकाळ गेली आणि कंटाळा आला नाही, तर अर्ज करावा.